पिशवीत काय होतं

"पिशवीत काय काय होतं, ते सांगा," खिडकीतली बाई म्हणाली.

"कपडे," रंगारी म्हणाला.

"कुणाचे?"

"बायकोचे."

"कसले कपडे? काका, बायकांच्या कपड्यांच्या पिशव्यांचा ढीग पडलाय आत. त्यातली कुठली काढून देऊ? निदान तीन वस्तू धड सांगाव्या लागतात. नाहीतर कुणीही येईल, बायकोचे कपडे म्हणेल आणि बरी दिसेल ती उचलून नेईल."

"मी चोर नाही."

"ते दिसतंयच. चोर घरून पाठ करून येतो."

रांगेत मागे कुणीतरी हसलं. रंगाऱ्याने वळून पाहिलं नाही.

बस डेपोच्या मागच्या अंगाला ही खोली होती. गाड्यांमध्ये लोकांचं राहिलेलं सामान इथे जमा व्हायचं. खिडकीच्या जाळीतून आतल्या फळ्या दिसत होत्या. छत्र्यांच्या मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. खाली हेल्मेटं, डबे, एक कुबडी. कुबडीचा मालक गाडीतून उतरून चालत कसा गेला, ते देव जाणे.

"रंग कोणता पिशवीचा? तेवढं तरी सांगा."

"तपकिरी," रंगारी म्हणाला. मग म्हणाला, "नाही, राखाडी असेल. गडद होती."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला. जुन्या भिंतीचा पोपडा बघून तो नवा रंग तसाच्या तसा कालवून द्यायचा. आणि ही पिशवी महिनाभर दवाखान्यात बायकोच्या खाटेखाली होती. तो रोज त्या खाटेशी बसायचा. पिशवीला पाय लागला की आत सरकवायचा.

"आत चष्मा होता," तो म्हणाला.

बाई आत गेली, काही पिशव्या उघडून बघून परत आली. "चष्म्याची एकही नाही. आणखी काय?"

चष्मा घरीच, टेबलावर होता. आता आठवलं. रोज तर दिसत होता.

त्याच्या मागचा माणूस तोंडावर रुमाल धरून उभा होता. तो रुमालाआडून म्हणाला, "बाई, यांना आठवेपर्यंत माझं बघता का? दोन दिवस पेजेवर आहे मी."

"कवळी ना? वरची की खालची?"

"वरची."

"थांबा. कवळ्यांचा डबा वेगळा आहे."

आता सगळेच हसले, कवळीवालाही. रंगारी तेवढा बाजूला सरून भिंतीला टेकला. जावं निघून, असं त्याच्या मनात आलं. पण संध्याकाळी लेक येणार होती. आईचा स्वेटर तिला हवा होता, दुसरं काही नको म्हणाली होती. पिशवी आणलीत ना, असं तिने फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आणली. कपाटात ठेवलीय."

दवाखान्यातून आणताना पिशवी गाडीत राहिल्याचं त्याला त्याच रात्री कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इथे येता आलं असतं. नाही आला. पायच उचलेना. बायको गेली तिला आठवडा झाला नाही, तोवर तिची शेवटची पिशवी हरवली म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस ढकलले. लेकीने येते म्हटलं, तेव्हा गळ्याशी आलं.

कवळीवाला कवळी घेऊन, नळावर धुऊन, बसवून, हसून गेला. रांग सरली. बाईने रंगाऱ्याला खुणेने जवळ बोलावलं. मघापेक्षा हळू आवाजात ती म्हणाली, "काकूंनाच फोन करा ना. त्यांची पिशवी, त्यांना पाठ असेल."

"ती नाही आता."

बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. "मग घरात आणखी कुणाला माहीत असेल?"

"लेकीला."

"लावा मग. इथेच, माझ्यासमोर. नियम मला मोडता येत नाही, काका."

रंगाऱ्याने फोन लावला. भिंतीकडे तोंड केलं.

"बाबा? मी निघतेच आहे थोड्या वेळात. काही आणायचंय का?"

"नाही. ऐक. ती पिशवी आहे ना, ती कपाटात नाही."

"मग कुठंय?"

"बसमध्ये राहिली. आता डेपोत आहे. पण आत काय होतं ते सांगितल्याशिवाय देत नाहीत."

रंगाऱ्याने चोरून खिडकीकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही?" लेक म्हणाली.

"नाही."

"कुणापाशी सांगू? द्या त्यांच्याकडे."

बाईने फोन कानाला लावला. लेकीचा आवाज रंगाऱ्यालाही ऐकू येत होता. हिरवी पिशवी, एक बंद दोऱ्याने शिवलेला. जांभळा स्वेटर, त्याचं खालचं बटण वेगळं. पट्ट्यांचा टॉवेल. दात पडलेला कंगवा. स्टीलचा छोटा डबा. पुरुषाचा एक पांढरा शर्ट.

"पुरुषाचा?" बाईने विचारलं.

"बाबांचा आहे. कॉलर उसवलीय म्हणून आईने मागवून घेतला होता. तिथे पडल्या पडल्या शिवते म्हणाली."

शर्ट नाहीसा झाल्याचं रंगाऱ्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाईने पिशवी आणून खिडकीत ठेवली. हिरवी. लांबूनही हिरवीच दिसली असती. "डबा आम्ही धुऊन ठेवलाय," ती म्हणाली. "अन्न ठेवत नाही आम्ही. बाकी कशाला हात लावला नाही." मग फोन त्याच्या हातात देत म्हणाली, "तुम्हाला थांबायला सांगितलंय. इकडेच येतायत त्या."

बाहेर बाकावर तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. उघडली नाही. लेक आली ती भराभरा चालत आली. बोलायचं ठरवूनच आली असावी. पण त्याला तसं बसलेलं बघून नुसती शेजारी टेकली.

"मला खोटं का सांगितलंत?"

"लाज वाटली."

"माझी?"

"सगळ्यांची."

"आणि राहिली कशी? एवढी मोठी पिशवी. दुसरं काही होतं का हातात?"

"नव्हतं." रंगारी समोर उभ्या गाडीकडे बघत बोलला. "आम्ही दोघं कुठे गेलो, तर गाडी थांबली की मी पुढे उतरायचो. सामान ती घ्यायची. मी खाली उतरून उभा राहायचो, ती आली की चालायला लागायचो. त्या दिवशीही उतरलो. उभा राहिलो. गाडी सुटली, धूळ बसली, तरी उभाच. मागे न बघता म्हटलं, चल."

लेकीने मान खाली घातली.

"मग कळलं," तो म्हणाला. "ते कळलं आणि पिशवीचं डोक्यातून पार गेलं."

"तुम्ही सामान नाही उचलायचा कधी?"

"माझ्या हातांना रंग असायचा. सुरुवातीला तीच म्हणाली होती, तुम्ही नका धरू, डाग पडतील. मग तेच अंगवळणी पडलं. कामावरून येत नसलो तरी."

लेकीने पिशवी स्वतःकडे ओढून घेतली आणि उघडली. वर टॉवेल होता. शेवटच्या सकाळी तिनेच आईचं तोंड त्या टॉवेलने पुसलं होतं. कुणीतरी तो ओलाच आत कोंबला होता. त्याची घडी आंबून चिकटली होती, काळे ठिपके पडले होते. कुबट वास एकदम बाहेर आला. रंगाऱ्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी आलो असतो तर, हे त्याने तोंडातून काढलं नाही. तिनेही काढलं नाही. तिने टॉवेल जमिनीवर ठेवला आणि खालचा स्वेटर बाहेर काढला.

तो नाकाशी धरून ती बसून राहिली. मग बाही उलटी केली, काखेपाशी हुंगलं. पुन्हा गळ्यापाशी.

"टॉवेलचाच येतोय सगळीकडे," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "इथे थोडा असेल असं वाटतंय. गळ्याच्या आत. मला कळत नाहीये. तुम्ही बघा."

रंगाऱ्याने स्वेटर हातात घेतला. नाक गळ्याच्या पट्टीत घातलं, डोळे मिटले आणि श्वास खोल ओढला. ओल होती. बुरशी होती. तिचा वास कसा होता, ते तो आठवू लागला, आणि त्याला आठवेना. इतकी वर्षं शेजारी झोपूनही आठवेना. लेक त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"आहे," तो म्हणाला.

"खरंच?"

"आहे ना. तिचाच आहे."

"मग हा धुवायचा नाही," ती म्हणाली. तिने तो त्याच्याकडून घेतला, बटणं लावली, नीट घडी घातली आणि ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला.