बगळे जिंकले तो रविवार

एलिसेओ किन्योनेस सांता ओलायाच्या बास्केटबॉल संघात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट कुरळे केस होते. आता तो संघाचा कॅप्टन होता, टक्कलही पडलं होतं, पण ‘बगळे’ नावाच्या त्या संघाला अजिंक्यपद काही मिळालं नव्हतं. पोर्तो रिकोतली इतर गावं चिडवायची, "बगळे एका पायावर उभे. दुसऱ्या फेरीपर्यंत चालणार कसे?"

त्या वर्षी मात्र संघ जिंकतच सुटला. सामना असला की डोंगरावरच्या त्या गावात पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आवरतं घेत. आणि नेमकं उपांत्य सामन्यात, बाहेर चाललेला बॉल अडवायला झेपावलेला एलिसेओ मनगटावर आपटला. हाड मोडलं.

अंतिम सामन्याला तो प्लास्टरमधला हात घेऊन बाकावर बसला. त्याच्या जागी यादिएल हा नवा खेळाडू उतरला. मध्यंतरात तो घामाघूम होऊन कॅप्टनपाशी आला.

"कॅप्टन, त्यांचा तो लंबूटांग मला श्वास घेऊ देत नाही हो. काय करू?"

"डावीकडे वळताना तो जड पडतो. तिकडे ओढ त्याला, अन् मग पळ. आधी पाणी पी. तोंड बघ, उकडलेल्या केळ्यासारखं झालंय!"

यादिएलनं तसंच केलं. लंबूटांग मागे पडू लागला. शेवटच्या क्षणी गुण सारखे असताना यादिएलला फ्री थ्रो मिळाला. सगळं स्टेडियम श्वास रोखून उभं राहिलं. एलिसेओही उठला, आणि त्याच्या मनात लख्खकन येऊन गेलं: चुकू दे.

बॉल रिंगवर डुगडुगला आणि आत पडला. बगळे जिंकले.

माणसं रडत होती, एकमेकांना उचलत होती. एलिसेओ मागच्या दारानं बाहेर पडला. फाटकाशी त्याची आई, दोन्या एउलालिया, गाडीवर अल्कापुरिया, म्हणजे सारण भरलेली भजी, तळत होती. गर्दी आत असल्यामुळे ती एकटीच होती.

"काय रे, अंत्ययात्रेहून आलास का?"

"मी जिंकलो नाही, आई. ते जिंकले." मग खाली बघत तो म्हणाला, "तो पोरगा चुकावा असं वाटलं मला."

आईनं झारा खाली ठेवला. "तुझ्या मनासारखा बॉल पडत असता, तर इतकी वर्षं हरलो असतो का आपण? मागे तुला ताप होता, तू खेळलाही नव्हतास, तेव्हाही घरी येऊन म्हणालास, ‘आई, हरलो.’ हरताना ‘आपण’, अन् जिंकताना ‘ते’? हा कुठला हिशेब?"

तिनं एक गरम अल्कापुरिया त्याच्या चांगल्या हातात कोंबली.

तेवढ्यात यादिएल धापा टाकत आला. "कॅप्टन! इथे खात बसलात? करंडक कुणीच उचलत नाहीये. तुमच्यासाठी सगळे खोळंबलेत!"

"एका हातानं कसा उचलू?"

"दुसरा हात माझा घ्या की."

एलिसेओनं तोंडातला घास गिळून त्या पोराच्या खांद्यावर हात टाकला.

"नेम छान होता रे," तो म्हणाला. आता त्याला तसं मनापासून वाटत होतं. सगळं नाही, पण बरंचसं. दोघं आत गेले. करंडक चांगलाच जड निघाला.