यारीच्या दोराची सुरी

"आये, बघ गं, झाला का लाल?" नानासोनं सांडशीत धरलेला तारेचा दोर भट्टीतून वर काढला.

लाल तर होता. पण पुरेसा लाल की नाही, ते मला सांगता येईना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छपराखालच्या लोखंडी कॉटवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखा. तोंडातून आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून असंच. कळतं सगळं, सांगता काही येत नाही.

"घाल माघारी," मी अंदाजानं म्हणाले.

दोर आटपाडीकडचा. तिकडच्या विहिरी खोल. विहीर खोदताना यारीच्या यंत्रानं दगडमाती वर ओढून ओढून तारेचा दोर झिजला की यारीवाले तो टाकून देत आणि हे कोरेगावला घेऊन येत. कोयते, खुरपी गावासाठी. दोराची सुरी मात्र फक्त घरच्या लेकीसाठी. लेक सासरी निघाली की तिच्या सामानात घरच्या भट्टीतली सुरी जायची. दोराच्या तारा तापवायच्या, पीळ द्यायचा, ठोकून ठोकून एकजीव करायच्या. मग पातं घासून चिंचेच्या पाण्यात ठेवलं की अंगावर हळूहळू नक्षी उमटे, भरल्या कणसासारखी, दाण्याला दाणा लागून. माझ्या थोरल्या नणंदेची सुरी धार लावून लावून आता बोटाएवढी उरली आहे. नक्षी अजून तशीच आहे.

आता नात निघाली होती. नानासोची साक्षी. लग्न चार दिवसांवर आलं होतं. तिच्यासाठी ह्यांनी दोराचा तुकडा कापून, टोकं तारेनं आवळून ठेवला होता, आणि मग झटका आला. तेव्हापासून रोज डाव्या हाताचं बोट त्या तुकड्याकडे. नानासो लोणंदला कारखान्यात वेल्डिंग करतो. तो म्हणाला होता की बाजारातून चांगली सुरी आणू, आबांना आता काय समजतंय. मी त्याला म्हणाले, समजतंय रे, तेच तर अवघड आहे. मग रजा टाकून आला.

तारा चिकटाव्यात म्हणून त्यानं दोरावर टाकणखार भुरभुरला आणि पुन्हा भट्टीत घातला. भट्टीच्या पंख्याचा आवाज वाढला.

"आमच्या कंपनीत बटन दाबलं की चिकटतंय," तो म्हणाला. "हितं मी तुला इचारायचं, तू आबास्नी इचारायचं, आन आबा गप."

ह्यांच्या तोंडाची एक बाजू हसली.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात घण दिला. म्हणाली, घण मारणारीनं आगीकडं बघायचं न्हाई, डोळं दिपलं की हातोडी दिसत न्हाई. ह्यांची हातोडी जिथं टेकेल तिथं माझा घण पडायचा. ती हलकी पडली तर घण हलका, जोरात पडली तर जोरात. ऐरणीच्या मोकळ्या कडेवर दोनदा वाजली की थांबायचं. तोंडानं बोलायची गरजच पडली नाही. केरबा लोहाराची बायको मुकी हाय काय, असं बाजाराला आलेल्या बायका विचारायच्या. हे रागावलेले असले तरी मला हातोडीवरूनच कळायचं. सगळं आयुष्य आगीजवळ काढलं, आणि आगीचा रंग तेवढा माझ्या वाटणीला आला नाही. तो ह्यांचा होता.

दोर पांढरा पडायला लागला, ठिणग्या उडू लागल्या. ह्यांनी डावा हात जोरजोरात हलवला.

"काढू का ठिवू, आबा?" नानासोनं विचारलं. "आबा, काढू का ठिवू?"

हात तसाच हलत राहिला. काढ म्हणत होते की थांब म्हणत होते, कळेना. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नानासोनं दोर काढून ऐरणीवर ठेवला आणि खिळा ठोकावा तशी हातोडी ठोकली. मी घण मारला. दोर फुटला. तारा खराट्यासारख्या पसरल्या. काही जळून काळ्या पडलेल्या, काही नुसत्याच सुट्या.

त्यानं त्या आवळून पुन्हा तापवल्या. पुन्हा फुटल्या.

साक्षी दारात येऊन उभी राहिली. हातांवर ओली मेंदी, म्हणून कोपरं लांब धरून. "आज्जी, ऱ्हाऊ दे की आता," ती म्हणाली. "मला न्हाई लागत सुरी."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या मानेकडे बघून मला काय झालं कोण जाणे. नानासोची हातोडी टेकायची वाट न पाहता मी घण उचलला आणि मारत सुटले. कुठं पडतोय ते बघितलं नाही. तारा तुटून मातीत उडत होत्या. नानासो म्हणत होता, आये, हाताला लागंल, आये.

मागून आवाज आला. ठक. ठक.

ह्यांच्या डाव्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी कॉटच्या दांडीवर वाजवला होता.

घण वरच थांबला. खांद्याला सवय होती.

"काय झालं?" नानासोनं विचारलं. "आबा काय म्हणत्यात?"

"झालं, म्हणत्यात," मी सांगितलं.

घण खाली उतरवून मी दांडा भिंतीकडे करून ठेवला, रोज ठेवायचे तसा. नानासोनं पंखा बंद केला. मग मी ह्यांच्या हातातला पेला घेतला. रिकामाच होता. भरून आणायला आत गेले.