पंधरापर्यंत

डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरले होते, आणि त्यातला एक घसरून मेथीच्या भाजीत कधी पडतो हे सुवार्ता पाहत बसली — पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आज डोळे उघडे ठेवायचे ठरवल्यावर ते कुठेतरी ठेवायला तर हवेत.

ठरलं सकाळीच, केडगावहून दौंडला येताना. गेलं वर्ष-दीड वर्ष ती जेवणाआधी हात जोडते, डोळे मिटते आणि मनात पंधरापर्यंत मोजते. पंधरा झाले की आमेन. पूर्वी शब्द असत — आईने घोकून घेतलेले, अन्नाबद्दल उपकार, उपाशी माणसांची आठवण — मग ते नुसते ओठांना पाठ राहिले, आणि कधीतरी ओठांवरूनही गळाले. उरली त्यांची लांबी. शिवणकाम करणाऱ्या बाईचा लांबीचा अंदाज सहसा चुकत नाही. कुणालाच काही कळलं नाही. देवाला कळलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही...

काही घडलं असतं तर बरं झालं असतं. पोर दगावलं, नवरा सोडून गेला, की माणसं देवाशी भांडतात, आणि भांडायला का होईना, तो समोर लागतो. तिचं भांडणच नव्हतं. रविवारच्या उपासनेला ती पुढच्या बाकावर, शेवंतीची फुलं तीच नेणार, आई संध्याकाळी विचारणार, "देवाचं भय हाय ना गं बाई?" आणि ती भाकरी उलथत म्हणणार, "हाय की." भय! भय तिला सुपरवायझरचं होतं, चुकणाऱ्या गाडीचं होतं. लाज वाटली तिला, मनापासून लाज वाटली. खोटेपणाने डोळे मिटण्यापेक्षा सरळ जेवावं, निदान तेवढा तरी देवाचा मान राखावा, असं तिने ठरवलं.

शाळेचे गणवेश शिवायच्या शेडमधल्या मशिनी जेवणासाठी थांबल्या होत्या. शेजारच्या मशीनवरची गौतमी नेहमीसारखी समोर येऊन बसली. अकरा वर्षं दोघी असाच समोरासमोर डबा उघडतात. सुवार्ताने भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, घास तोंडापाशी नेला. गौतमीचा हात आपल्या डब्याच्या झाकणावर तसाच. डबा तिने उघडलाच नव्हता.

"ताई, डोळं मिटायचं ऱ्हायलं."

"आज नको."

"का? बरं न्हाई का?" गौतमीने डबा जरा बाजूला सरकवला. "मी काय देव मानत न्हाई, तुमाला ठावं हाय. आमच्या घरात कुनीच न्हाई मानत. पर तुमी डोळं मिटता ना, तवा मी बी गप बसती. आमची दीक्षा तिकडं शिरूरला खोली करून ऱ्हाती, कंपनीत कवा सकाळची पाळी, कवा रातची... तेवढ्यात पोरीला आठवून घेती. दिवसात तेवढंच गप बसनं हाय बघा मला."

तेवढंच, सुवार्ताच्या मनात आलं. म्हणजे पंधरा. मी इकडे आकडे मोजत होते, आणि दीड हातावर बसून ही — माझ्या त्या खोट्या पंधरात — रोज खरं काहीतरी करत होती. आणि घाई असली की मी बारावरच आमेन म्हणायचे... तेव्हा हिचं काय राहून गेलं असेल?

सुवार्ताने घास खाली ठेवला. जेवणाची सुट्टी सरत चालली होती, पण गौतमीला कसली घाई नव्हती.

"मिटा की," ती म्हणाली.

सुवार्ताने हात जोडले, डोळे मिटले. शब्द शोधले, ते नव्हते. मग सवयीने, एक... आणि दोन म्हणायला तिचं मन धजेना. कुणीतरी ऐकत होतं. गौतमी असेल. गौतमीच असेल... पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजली, थांबली. एक, तिने पुन्हा म्हटलं, अगदी हळू, आणि पुढे जायची भीती वाटून ती तिथेच थांबली.