बगळीच्या खांद्यावरचं ऊन

"मावशी, पंख जळलाय," फोटो लॅबवाला म्हणाला आणि त्याने चष्मा कपाळावर चढवला. वाईट बातमी सांगताना डॉक्टर करतात तसा चेहरा त्याने केला होता. मावशींनी जन्मभर तसे चेहरे पाहिले होते, त्यामुळे त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

"किती जळलाय?"

"चांगलाच. या बसा, स्वतःच बघा."

मावशी म्हणजे मोठ्या रुग्णालयातल्या एक्स-रेवाल्या बाई. अर्ध्या शहराची हाडं त्यांनी पाहिलेली. रस्त्यात भेटलेला माणूस आईला तोंडावरून नाही, बरगड्यांवरून आठवतो, असं त्यांचा मुलगा चेष्टेने म्हणायचा. निवृत्त झाल्यावर त्या आता तरी घरात स्वस्थ बसतील, अशी त्याची भाबडी समजूत होती. मावशींनी कॅमेरा घेतला आणि हात धुऊन पक्ष्यांच्या मागे लागल्या.

पडद्यावरचा फोटो भर दुपारचा होता. बस डेपोमागच्या झाडावर एक पांढरी बगळी घरट्याच्या काठावर उभी होती आणि तिने एक पंख पुरता पसरला होता. पंखाखालच्या सावलीत तीन पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकत होती. मावशींनी हे दृश्य डेपोच्या जिन्यावर उभं राहून टिपलं होतं. बगळी हलत नव्हती, म्हणून याही हलल्या नव्हत्या. घरी आल्यावर चक्कर आली, मुलाची बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

फोटो मात्र वरच्या बाजूला जास्त उजेडाने पांढराफटक झाला होता. खांद्यापासून अर्ध्या पंखापर्यंत पिसांचा पत्ताच नव्हता, नुसता चुना फासल्यासारखं दिसत होतं.

"तेव्हा कॅमेऱ्यात असं नव्हतं दिसलं," मावशी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना उलगडा झाला. तेव्हा त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. सगळं जगच मळकं दिसायचं, कॅमेऱ्याचा छोटा पडदाही. म्हणून त्या फोटो काढताना उजेड वाढवून ठेवायच्या, आणि एवढं करूनही फोटो अंधारलेले का येतात म्हणून कॅमेऱ्यालाच शिव्या घालायच्या. ऑपरेशन झालं, डोळे लख्ख झाले, आणि आज पहिल्यांदाच त्यांना आपलं कर्तृत्व धडधडीत दिसत होतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"परत काढता येईल का?" लॅबवाल्याने हळूच विचारलं.

"झाड पाडलं. पार्किंग झालंय तिथे."

तो चष्मा खाली ओढून कामाला लागला. पक्षीप्रेमी मंडळाचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं, आणि भिंतीवर मावशींच्या नावाची पट्टी आधीच लागली होती.

"मूळ फाइल आहे ना, त्यात जीव आहे अजून," तो म्हणाला. "हे बघा. लाल रंगात काही उरलेलं नाही. हिरवाही संपला. पण निळ्यात थोडं शिल्लक आहे. त्याला धरून वर काढू."

त्याने उजेड थोडा खाली ओढला. पंखाच्या कडेला एक बारीक रेघ उमटली. मग दुसरी. चुन्यातून एकेक पीस डोकं वर काढू लागलं, आणि मावशी खुर्चीत पुढे पुढे सरकत गेल्या.

"ती बघा, ती बघा! आली!"

"मावशी, ती कशावरून? बगळ्यांमध्ये बापसुद्धा सावली धरतो."

"धरत असेल तर त्याला माझा नमस्कार. मी तिला तीच म्हणणार."

दुपार टळेपर्यंत बहुतेक पंख परत आला. खांद्यावरचा एक अंगठ्याएवढा डाग मात्र काही केल्या हटेना. तिथे तिन्ही रंग कामातून गेले होते. लॅबवाल्याने उजेड आणखी उतरवला तशी तिथे पिसं आली नाहीत, नुसती राख पसरली. बगळी आजारी दिसायला लागली.

"सोडा तिथे," मावशी म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला पावडर लावल्यासारखं दिसतंय."

तेवढ्यात मुलगा त्यांना न्यायला आला. पाठोपाठ मंडळाचे सचिवही फोटोची चौकशी करत येऊन ठेपले. सचिव स्वभावाने वाईट नव्हते, फक्त प्रदर्शनाच्या आधी त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असे. त्यांनी डाग पाहिला आणि कपाळ पुसलं.

"मावशी, हा असा नाही चालायचा. परीक्षक पहिली नजर तिथेच टाकणार. काय हो, करता येईल ना काही?"

लॅबवाल्याने मावशींकडे पाहणं टाळलं. स्वतःच्या संग्रहातली दुसरी बगळी उघडली, तिच्या खांद्याचा तुकडा उचलला आणि डागावर बसवला. कडा मिटवल्या. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सुंदर दिसत होता. इतका सुंदर, की क्षणभर मावशींनाही हवासा वाटला.

"वा!" सचिव म्हणाले. "आता कसं!"

"ही कुठली?" मावशींनी विचारलं.

"माझी. मागच्या वर्षीची, तलावावरची."

"काढा."

"मावशी, एवढासा तर तुकडा..."

"काढा म्हणते ना. एकाची फिल्म दुसऱ्याच्या पाकिटात जाऊ नये म्हणून अख्ख्या नोकरीत मी जिवाचं रान केलं. आता म्हातारपणी एकीचा खांदा दुसरीला लावू?"

"आई, कुणाला कळणार आहे?" मुलगा म्हणाला. दिवसभराच्या कामाने तो वैतागलेला होता. "आणि उगाच हट्ट का? चूक तुझीच आहे ना?"

"माझीच आहे. म्हणून तर ती तिच्या माथी मारायची नाही." मावशींचा आवाज चढला. "तिथे काय आहे ठाऊक आहे? ऊन आहे. तेच ऊन ती अंगावर घेत होती. ते पुसून टाकलं, तर ती सावली कशासाठी धरून बसलीये? ते झाड गेलं. घरटं गेलं. पिल्लं उडाली की मेली, तेही मला माहीत नाही. आता हा एवढा फोटोच राहिलाय, आणि तो तिचाच राहणार."

लॅबवाल्याने मुकाट्याने तुकडा काढून टाकला. "चकचकीत कागदावर हा डाग भोकासारखा दिसेल," तो म्हणाला. "जाडा, बिनचमकीचा कागद घेऊ. तिथे शाई पडणारच नाही, कोरा कागद राहील."

"राहू दे कोरा."

"मंडळ लावणार नाही, मावशी. आत्ताच सांगून ठेवतो," सचिव म्हणाले. ते खरंच कळवळून बोलत होते. "माझ्या एकट्याच्या हातात नाही ते."

"छापा हो तुम्ही," मावशी लॅबवाल्याला म्हणाल्या.

सकाळी सभागृहात मावशी फ्रेम काखेत मारून पोचल्या तेव्हा त्यांच्या नावाची पट्टी भिंतीवर होती, पण वरचा खिळा काढून घेतलेला होता. आदल्या रात्री मंडळाच्या समितीने एकमताने तसं ठरवलं होतं. सचिवांनी हे सांगताना दोनदा माफी मागितली. पुढच्या वर्षी नक्की, असंही म्हणाले.

"पुढच्या वर्षी झाड उगवणार आहे का?" मावशींनी विचारलं.

मग त्यांनी चपला एका बाजूला काढल्या, पट्टीच्या शेजारी भिंतीला पाठ लावली आणि फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

सचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मावशी, पाहुणे येतायत हो. असं काय करता? निदान खुर्ची तरी घ्या."

"खुर्चीवर बसले तर फोटो खाली जाईल. बाकीच्या फोटोंच्या रांगेत यायला हवा."

त्यांना हाताला धरून बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. पाहुणे आले, भाषणं झाली, लोक भिंतींलगत फिरू लागले. मोर, गरुड, घुबडं बघत बघत लोक मावशींपर्यंत येत आणि घुटमळत. काहींना हसू येई. काही जण मावशींकडे न बघता फक्त फोटो बघत, आणि मग तिथेच थांबून राहत. एक बाई चष्मा लावून अगदी जवळ आल्या.

"इथे पांढरं का आहे हो?"

"मी चुकले," मावशी म्हणाल्या. "डोळ्यात मोतीबिंदू होता. आणि ऊनही खरंच तेवढं होतं."

बाईंनी मान डोलावली. मग पिल्लांकडे बघत राहिल्या. जाताना त्यांनी, कुणास ठाऊक का, मावशींच्या दंडावर हात ठेवला.

दुपारपर्यंत मावशींचे खांदे भरून आले. बोटांना मुंग्या आल्या होत्या. फ्रेम मधूनमधून खाली घसरायची, त्या पुन्हा वर करायच्या. पाणी कुणी पुढे केलं तर मान हलवून नाही म्हणायच्या, कारण प्यायला हात मोकळा नव्हता. लॅबवाला जेवणाच्या सुट्टीत येऊन लांब खांबापाशी उभा राहिला आणि जवळ यायला धजावला नाही.

मुलगा कामावरून मधेच निघून आला होता. सचिवांचा फोन गेला असणार. दारातूनच त्याला आई दिसली आणि तो तरातरा चालत आला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात फ्रेम पुन्हा तिच्या हातांतून घसरली आणि तिने ती कशीबशी वर केली. मग पहिल्यांदाच त्याने तो फोटो नीट पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आण इकडे," तो म्हणाला. "मी धरतो. तू बस जरा."

"नको."

"आई, हात बघ तुझे."

मावशींनी हातांकडे बघितलं नाही. समोर बघत त्या म्हणाल्या, "सगळा नको. एक बाजू धर."

त्याने बॅग खाली ठेवली, आईशेजारी भिंतीला पाठ लावली आणि डावी बाजू हातात घेतली. फ्रेम त्याच्याकडे उंच झाली, म्हणून तो गुडघ्यात थोडा वाकला आणि ती सरळ होईपर्यंत वाकत राहिला.