खालची पट्टी

मेम्फिसच्या स्टुडिओत सत्तरीच्या व्हर्डेलने आपलं तरुणपणीचं गाजलेलं गाणं नव्या अल्बमसाठी पुन्हा गायलं, आणि वरचा सूर अलगद लागला.

"बघ, आहे का कुठे गंज?" ती वर्षानुवर्षं ऑर्गनवर तिची साथ करणाऱ्या क्लीओफसला म्हणाली. तेवढ्यात तिला दिसलं, त्याची बोटं या गाण्याच्या जुन्या जागी नव्हती.

"मेल्या, पट्टी उतरवलीस? कधीपासून?"

"तुझ्या नवऱ्याला पुरलं, तेव्हापासून."

"माझी कीव करतोस? जुन्या पट्टीत वाजव!"

त्याने वाजवलं. वरच्या सुरापाशी तिचं तोंड उघडलं, पण आवाज फुटलाच नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे सगळे माना खाली घालून बसले.

क्लीओफसने पुन्हा खालच्या पट्टीत सुरुवात केली. व्हर्डेल गायली, पण या वेळी त्याच्याकडे पाठ करून.