ट्रॅक्टरचे लाल आसू

शेडभोवती माणसांची दाटी झाली होती. मधोमध घरच्या सुनेच्या वारलेल्या सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर धडधडत होता आणि त्याच्या बॉनेटवर हात ठेवून बुवा पुटपुटत होते. बऱ्याच वेळाने इंजिनाच्या सांध्यातून एक थेंब ओघळला. लाल. मग दुसरा, मग धारच.

"म्हातारा रडतोय," बुवा म्हणाले. "त्याच्या सीटवर सून बसली. ती घरात आहे तोवर हा असाच रक्त गाळणार. यंत्र काय नि आत्मा काय, मध्ये श्रद्धेचं ग्रीस लागतं."

सासरे गेल्यावर ट्रॅक्टर सावलीत घ्यायला सून त्या सीटवर बसली होती, एवढाच तिचा गुन्हा. सासूने तिची बॅग भरली. सकाळी तिला माहेरी धाडायचं ठरलं. नवरा खाली मान घालून उभा राहिला.

गेलेल्या म्हाताऱ्याची बहीण, म्हणजे नवऱ्याची आत्या, शाळेत विज्ञान शिकवायची. भावासाठी तीही रडली होती. पण तिने पाहिलं, थंड इंजिनावर बुवांचा मंत्र लांबतो, तापलेल्यावर आटोपतो. मिटल्या डोळ्यांतला एक किलकिला राहतो, तो तापमानाच्या काट्याकडे.

सकाळी तिने सुनेला दूर शेजारणीकडे बसवलं, बुवांना निरोपच दिला नाही, आणि भाच्याला, सुनेच्या नवऱ्याला, इंजिन चालू करायला लावलं. काटा चढला, तांबड्या पट्टीला टेकला आणि थेंब आला.

"आता कुणावर रुसलाय माझा भाऊ?" तिने विचारलं. "खोल ते."

भाच्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उचललं. सांध्यातल्या पातळ गॅस्केटच्या कडांनी निळं सीलंट, गळती बुजवायचा चिकट लेप, बाहेर आलं होतं. आत, इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरायच्या छिद्रांत, त्याचेच गोळे अडकले होते. वडील गेल्यावर इंजिन त्यानेच खोलून पुन्हा जोडलं होतं. हे गॅस्केट कोरडं बसवायचं, पण त्याने दोन्ही बाजूंनी जाड थर लिंपला होता.

"बाबा असताना हे कायम गळायचं, आत्या," तो म्हणाला. "वाटलं, आता एक थेंबही गळू नये."

तेव्हा बोल्ट आवळताच सीलंट आत दबलं होतं. पाणी अडलं, इंजिन तापलं. तापलं की दाब वाढायचा, आणि गंजाचं लाल पाणी नीट न बसलेल्या सांध्यातून बाहेर पडायचं. बुवांना कळलं तेव्हा म्हणाले, ते निळंही आपल्याच कृपेने दिसलं. पुढच्या गावाला मात्र घाईने गेले.

नवरा शेजारणीकडे गेला. त्याचे हात काळे होते. सुनेच्या मांडीवर बॅग तशीच होती.

"इंजिन खोलून पाहिलंत," ती म्हणाली. "मला एकदा विचारून पाहिलं असतंत."

त्याने तिची बॅग उचलून घेतली. ती घरी आली, पण बॅग अजून दाराशीच आहे, भरलेली.

लोकहो, जिथे गळतं तिथे पाहा. का गळतं ते विचारा. माणूस घराबाहेर काढण्याआधी चार बोल्ट काढायला कितीसा वेळ लागतो?