तपासणीआधीचा डबा

तिसरा कंडोम गळला तेव्हा मी लॉटचा नंबर पुन्हा वाचला. आमच्या कारखान्यात प्रत्येक लॉटमधले ठरावीक नग काढायचे, त्यांत पाणी भरायचं, मिनिटभर टांगायचं आणि मग टिपकागदावर लोळवायचं. कागद ओला झाला की भोक आहे. दोन गळले तर लॉट कसाबसा वाचतो, तिसऱ्याला सगळाच बाद. बारा वर्षं मी हेच करतेय. कागदावर डाग दिसला तर मला बरंच वाटतं, निदान आपल्या हातून सुटला नाही म्हणून.

आज मात्र तसं वाटलं नाही. याच लॉटमधला एक डबा मी शनिवारी धाकट्या बहिणीला देऊन आले होते. तिच्या नवऱ्याला एचआयव्ही आहे, तिला नाही. एरवी मी पास झालेलाच माल नेते. त्या दिवशी घाई होती. म्हटलं, आपल्याच मशीनचा माल, काय होतंय? अतिशहाणपणा नडला.

साहेब म्हणाले, कागदाला तुझाच ओला हात लागला असेल, पुन्हा बघ. मी म्हटलं, बघून झालंय, लॉट बाद केल्याची सही करा. त्यांनी मुकाट्याने केली. मी जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिने उचलला, तेव्हा मी सरळ विचारलं, शनिवारचा डबा उघडलास का? माझा आवाज चढला.

"नाही उघडला," ती म्हणाली.

जीव भांड्यात पडला. मी पायरीवरच बसले.

"आधीचेही नाही उघडले, ताई. चार वर्षांचे सगळे डबे कपाटात आहेत. त्याचा रिपोर्ट आल्यापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो."

डॉक्टरांनी म्हणे त्याला दहादा समजावलं होतं, की कंडोम धड असेल आणि दर वेळी नीट वापरला तर विषाणू त्यातून पार होत नाही. पण त्याचं एकच पालुपद होतं. तुझी ताई तर हेच तपासते ना, मग तीच का नजर चुकवते? डबा कागदात गुंडाळून देते, दारातूनच परत जाते, आपल्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही.

मला राग आला आणि मग लाज वाटली. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच शिकवते, भोक नसेल तर पाण्याचा थेंब जात नाही आणि विषाणूही जात नाही. त्यांच्या घरच्या पेल्यातून पाणी प्यायल्याने तर काहीच होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

"तो डबा फेकून दे," मी म्हटलं. "संध्याकाळी पास झालेला घेऊन येते. त्याला घरीच थांबव, मी समोर बसून सांगते त्याला."

"हे तू चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस, ताई?"

"मीच भीत होते गं," मी म्हटलं.